सेंट-जर्मेन की कालिओस्त्रो?

अठराव्या शतकातील या दोन गूढ साहसवीरांपैकी आधी कोणाचा शोध घ्यावा, असे एका वाचकाने विचारले आहे. पुराव्याच्या निकषावर कालिओस्त्रो सरस ठरतो: हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात (फ्रान्सच्या राणीच्या नावावर झालेली एक फसवणूक) १७८५ मध्ये तो पॅरिसच्या बास्तील तुरुंगात डांबला गेला, निर्दोष सुटला, पुढे रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि १७९५ मध्ये इटलीतील सान लिओच्या किल्ल्यात कैदेतच त्याचा अंत झाला. सेंट-जर्मेनचे जन्मस्थळ मात्र अज्ञातच आहे. १७८४ मध्ये आजच्या जर्मनीतील एकर्नफर्डे येथे तो वारला, तरीही थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या अनुयायांनी त्याला अमर ठरवले (मृत्यूची नोंद अशी दुर्लक्षित व्हावी, हे नवलच). ज्याला खटल्यांची कागदपत्रे चाळायची आहेत, त्याने कालिओस्त्रोकडे वळावे. दंतकथा कशी वाढते हे ज्याला पाहायचे आहे, त्याने सेंट-जर्मेन निवडावा.