बेळगावच्या टिळकवाडीतलं डे-केअर: पोरगं खूश आहे, पावती मात्र नीट वाचा

दीड वर्षं झालं लेकाला तिथं घालून, म्हणून आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, लेक अजून तिथंच जातो आणि मला रोज संध्याकाळी त्याच दारात उभं राहायचंय. टिळकवाडीतलंच आहे, एवढं पुरे.

आधी आमची भानगड सांगते. घर वडगावात, माझं ऑफिस कॅम्पात (अकाउंट्स बघते), नवरा उद्यमबागेत शिफ्टला. आत्यांचे गुडघे गेलेत, दोन वर्षांच्या पोराच्या मागं त्या कुठं पळणार. गल्लीत अंगणवाडी आहे, पन्नास पावलांवर, आणि खरं सांगू का, वाईट अजिबात नाही. शेजारच्या मागवाल्यांची नात तिथंच जाते, पैसा लागत नाही, गरम जेवण मिळतं, दूध मिळतं. पण ती दुपारी चारपर्यंत आणि मी सुटते सहाला. मधले दोन-अडीच तास कोण बघणार, तिथंच सगळं अडतं. म्हणून डे-केअर.

फोनवर विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या "मंथली फाय थाउजंड टू हंड्रेड, फुल डे". मी मनात पाच-सहा हजार धरून गेले. तिथं कागद पुढं आला तो असा: ॲडमिशन ६,००० (परत मिळणार नाही), डिपॉझिट ५,२०० (मिळेल, पण एक महिना आधी लेखी सांगितलं तरच), पहिल्या महिन्याची फी ५,२००, जेवणाचे ९०० वेगळे. बेरीज करा, १७,३००. शिवाय दरवर्षी जूनला "रिन्यूअल" म्हणून २,५००, ते फोनवर नाही, पहिल्या दिवशीही नाही, फॉर्मच्या तिसऱ्या पानावर बारक्या इंग्लिशमध्ये. मी दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते आणि स्वतःच्या पोराच्या फॉर्मवर न वाचता सही केली, बोला आता.

पण चांगलं ते चांगलं म्हणायला पाहिजे. जागा स्वच्छ आहे, बाथरूममध्ये वास नाही, झोपायला प्रत्येकाची वेगळी गादी आणि चादर, शनिवारी घरी धुवायला देतात. उप्पीट, पेज, वरणभात, कधी नाचणीची आंबील, असं साधं खायला घालतात, बिस्किटांवर भागवत नाहीत. सांभाळणाऱ्या मावशी येळ्ळूरच्या, मराठी बोलतात, टीचर कन्नड बोलतात, मॅडम इंग्लिश, त्यामुळे आमचं पोरगं पाणी तीन भाषांत मागतं आणि तिन्हीत मिळालं नाही की रडतं मात्र मराठीत. पहिला आठवडा दारात गळा काढून रडायचा, आता रविवारी चपला घालून दारात बसतो. माझ्या हिशोबात याला किंमत आहे, म्हणूनच अजून काढलं नाही.

आता नियम. फी ५ तारखेच्या आत, नंतर दिवसाला २० रुपये. आमचा पगार ७ ला. म्हणजे दर महिन्याला ४० रुपये गेलेच समजा, चूक नसताना. चार-पाच महिने गप्प भरले, मग आम्ही चार आया मिळून एक अर्ज लिहिला, कॅम्प आणि उद्यमबागेकडच्या ऑफिसांचे पगार ७ ते १० ला होतात वगैरे. बदललं बरं का, आता तारीख १० आहे. एकटं विचारलं तर "रूल इज रूल", चौघी गेल्यावर "सी, वुई आर फ्लेक्सिबल". ज्यांना अडचण आहे त्यांनी एकेकट्यानं जाऊ नका.

सुट्टीचं मात्र बदललं नाही. मे महिन्यात तीन आठवडे बंद, फी पूर्ण, कारण "सीट होल्ड". मागच्या वर्षी कांजिण्या आल्या, त्यांनीच सांगितलं खपल्या पडेपर्यंत पाठवू नका (बरोबरच आहे ते, बाकी पोरं असतात), तेरा दिवस घरात. फी पूर्ण. जेवणाचे ९०० पण पूर्ण! म्हटलं मॅडम, फीचं समजलं, जागा धरून ठेवलीय, टीचरचा पगार थांबत नाही, पण भात तर त्यानं माझ्या घरी खाल्लाय. दोन दिवसांनी ३०० पुढच्या महिन्यात वळते करून दिले. तेवढंच.

आणि लेट फी. टिळकवाडीत राहणाऱ्यांना सांगायला नको, दुसरं रेल्वे गेट म्हणजे काय प्रकार आहे ते. डे-केअर साडेसहाला बंद, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना ५० रुपये, पंधरातलं एक मिनिट झालं तरी पूर्ण ५०. मी कॅम्पातनं सहा-दहाला निघाले तरी वीस मिनिटं भरपूर होतात, गेट उघडं असलं तर. त्या दिवशी मालगाडी गेली, सगळ्यांनी गाड्या स्टार्ट केल्या, आणि गेट काही वर जाईना, कारण दुसरीकडनं आणखी एक यायची होती. माझ्या फोनमध्ये ६:४२ झालेले दारात पोहोचले तेव्हा. भिंतीवरच्या घड्याळात ६:४६. रजिस्टरला भिंतीवरचं घड्याळ लागतं. झाले १००.

त्या शंभराचं वाईट वाटलं नाही इतकं, आत बघून वाटलं. लाईट निम्मे बंद केलेले, पोरगं बूट घालून, पाठीला बॅग लावून पायरीवर बसलेलं, आणि शेजारी मावशी पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला थांबावं लागलं, ते शंभर तरी तुम्हाला देतात का? तर हसल्या, "मला कुठलं वैनी, माझी बस गेली तेवढी." बसला त्यांना पैसे लागत नाहीत, कर्नाटकात बायकांना शक्ती योजनेचं झिरो तिकीट आहे जून २०२३ पासून, पण फुकटची बस असली तरी चुकलेली बस ती चुकलेलीच. थांबायचं मावशींनी आणि पैसे गल्ल्यात, हे काय मला पटलेलं नाही. त्यानंतर उशीर झाला की मी मावशींच्या हातात वेगळं काहीतरी ठेवते आणि ते इथं लिहिल्याबद्दल मॅडमनी रागावू नये.

आता सरकारी मदतीचं, कारण ऑफिसात सारखं कोणीतरी म्हणतं "अगं गव्हर्मेंटची स्कीम असते की". असते, पण आपल्यापर्यंत येईतोवर संपते. नणंद खानापूर तालुक्यात आहे, त्यांच्या पंचायतीत "कूसिन मने" आहे, म्हणजे बाळाचं घर. २०२३ च्या बजेटमध्ये सिद्धरामय्यांनी ४,००० ग्रामपंचायतींसाठी जाहीर केलेलं ते, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांची लहान पोरं सांभाळायला, फुकट. चांगली गोष्ट आहे, पण ग्रामपंचायतीची, आम्ही पडलो कॉर्पोरेशनवाले. केंद्राची पाळणा योजना आहे, मिशन शक्तीमधली. आधी तिचं नाव राष्ट्रीय क्रेश योजना होतं आणि त्यात पालकांनी द्यायचे ते उत्पन्नाप्रमाणे महिन्याला २०, १०० नाहीतर २०० रुपये! महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. मी ते वाचून आधी हसले मग रडायला आलं. आमच्या वडगावात तसलं काही मला सापडलेलं नाही, आणि साडेसात तास धरले तरी सकाळी साडेनऊला सोडलेलं पोर संध्याकाळी पाचला उचलायला लागणार, परत तेच.

कंपनीनं द्यायचा कायदा पण आहे, २०१७ च्या दुरुस्तीपासून, ५० किंवा जास्त माणसं कामाला असली तर पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातनं चार वेळा जाऊन बघू द्यायचं. आमच्या ऑफिसात मी धरून बावीस. माझी एक मैत्रीण केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, तिला पोराच्या शिक्षणाचे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे मिळतात (हो, ५० पैसे सुद्धा), पण ते पण शाळेच्या वर्गांसाठी, पाळणाघराला नाही.

कर्नाटक सरकार घरच्या कर्त्या बाईला देतं ते गृहलक्ष्मीचे २,००० महिन्याला, ते तरी मिळाले असते तर जेवणाचे आणि दंडाचे भागून वर उरले असते. पण नवरा किंवा बायको कोणी टॅक्स भरत असेल तर नाही. जाऊबाई चंदगडला, तिला तिकडं लाडकी बहीणचे १,५०० येतात, ती विचारते तुम्हाला तर इकडच्यापेक्षा जास्त आहेत की. काय सांगणार. सीमेच्या दोन्हीकडच्या बजेटची चर्चा आम्ही चहाला बसून करतो आणि फी खिशातनं भरतो. गरीबाला फुकट मिळावं याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मावशींना गृहलक्ष्मीचे मिळतात आणि त्यांना मिळायलाच पाहिजेत.

राहता राहिलं ८०सी, इन्कम टॅक्स वाचवायचं कलम. आणि इथं पावती येते. प्लेस्कूल, नर्सरीची ट्यूशन फी दोन मुलांपर्यंत दीड लाखाच्या आत बसते, पण फक्त जुन्या रिजीममध्ये, आणि फक्त ट्यूशन. डेव्हलपमेंट फी, डोनेशन, जेवण, सांभाळायचे पैसे त्यात धरत नाहीत. नवऱ्याचं होम लोन आहे म्हणून आम्ही अजून जुन्यातच. तिथं सकाळी दहा ते साडेबारा रीतसर प्लेग्रुप चालतो, टीचर असते, वह्या असतात. पण पावतीवर काय? "डे-केअर अँड ॲक्टिव्हिटी चार्जेस ५,२००", एका ओळीत. वर क्यूआर कोड स्कॅन केला की नाव येतं मॅडमच्या मिस्टरांचं! मी म्हटलं, मॅडम, प्लेग्रुपचे किती आणि सांभाळायचे किती ते वेगळं लिहून द्या, संस्थेच्या नावानं, शिक्क्यासकट. आधी "सिस्टममध्ये येत नाही", मग "ऑडिटरना विचारते", तीन महिने. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिलं एकदाचं, प्लेग्रुप २,००० आणि बाकी ३,२००. वर्षाचे २४,००० दाखवता आले. ज्यांना लागणार असेल त्यांनी ॲडमिशनच्या दिवशीच मागा, पैसे द्यायच्या आधी, नंतर कोण ओळखत नाही.

स्टार द्यायचे तर सांभाळण्याला साडेचार, त्यांच्या ऑफिसला दोन. लगेच काढणार नाही, नर्सरीपर्यंत राहूदे असं दोघांचं ठरलंय. पण कॅम्प साईडला, गेट ओलांडायला न लागता, सातपर्यंत ठेवून घेणारं कुठलं चांगलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, आणि तिसऱ्या पानावर काय लिहिलंय ते पण सांगा.