‘रोड टू पर्डिशन’ : पावसात निःशब्द झालेला सूड

अमेरिकेत दारूबंदी लागू असताना, १९३१ च्या हिवाळ्यात घडणारा सॅम मेंडिस दिग्दर्शित ‘रोड टू पर्डिशन’ (२००२) हा गुन्हेगारीपट केवळ सूडकथा म्हणून पाहणाऱ्यास संथ वाटेल. मला तो बापलेकांच्या दोन जोड्यांचा चित्रपट वाटला, आणि त्या दोन्हींत खरा वाटेकरी एकच आहे : मायकल सलिव्हन. आयरिश टोळीप्रमुख जॉन रूनी याने सलिव्हनला पोटच्या मुलाप्रमाणे वाढवले आहे. सुरुवातीलाच एका शोकसभेत हे दोघे पियानोवर शेजारी बसून वाजवतात, तेव्हा रूनीचा सख्खा मुलगा कॉनर ज्या नजरेने पाहतो, त्यातच पुढचा सारा अनर्थ दडलेला आहे. सलिव्हनचा थोरला मुलगा नको ते पाहतो, आणि कॉनर सलिव्हनच्या पत्नीला व धाकट्या मुलाला ठार करतो. आपला मुलगा कसा आहे हे ठाऊक असूनही रूनी त्याला स्वाधीन करत नाही. पॉल न्यूमन यांनी ही अगतिकता फारसे न बोलता उभी केली आहे.

पावसाचा प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. रूनीची माणसे एकामागून एक कोसळतात, बंदुकीचा जाळ दिसतो, पण आवाज येत नाही. केवळ थॉमस न्यूमन यांचे संगीत ऐकू येते. गोळीचा आवाज कानी पडतो तो सलिव्हन प्रत्यक्ष रूनीवर झाडतो तेव्हाच. जणू त्याच्या लेखी त्या रात्री खून एकच झाला. छायालेखक कॉनराड हॉल यांना या चित्रपटासाठी मिळालेले ऑस्कर मरणोत्तर ठरले.

टॉम हँक्स यांचा सलिव्हन रडत नाही. शोक करण्याऐवजी तो शिकागोचा कुख्यात टोळीप्रमुख अल कपोन याचा पैसा बँकांतून काढून घेत हिंडतो आणि मुलाला मोटार चालवायला शिकवतो. या भागात चित्रपट चक्क हसतो, आणि ते खटकत नाही. खटकते ते आईचे पात्र, कारण जेनिफर जेसन ली यांच्या वाट्याला मरण्याखेरीज फारसे काही आलेले नाही. ज्यूड लॉ यांचा प्रेतांची छायाचित्रे टिपणारा मारेकरी अंगावर येतो खरा, पण तो या घरातल्या दुःखाशी कधीच जोडला जात नाही. आणि प्रतिमा इतक्या बोलक्या असताना आरंभी व अखेरीस मुलाच्या निवेदनाची गरज का भासली, हे मला कळले नाही.