नखांच्या ‘बुरशी’वरचा कोर्स: पैसे भरण्याआधी हे वाचा

माझ्या मुलीची नखं खरखरीत झाली होती. चकाकी गेली, उभ्या रेघा उठल्या, टोकांचे पापुद्रे सुटायला लागले. स्वेटर चढवताना लोकर नखात अडकायची आणि ती कळवळायची. एका जाहिरातीतल्या नंबरवर फोटो पाठवले. पलीकडच्या ‘नखतज्ज्ञ’ बाईंनी लगेच सांगून टाकलं, बुरशी आहे, घरात सगळ्यांना लागेल, उशीर केलात तर नखं गळतील. तेल आणि गोळ्यांचा कोर्स, पैसे आधी, 30 दिवसांत गुण नाही आला तर परत.

खरी मेख त्या 30 दिवसांत आहे. हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला साधारण सहा महिने जातात. म्हणजे मुदतीत पूर्ण फरक दिसणं शक्यच नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. विचारलं की ‘नवं नख येऊ द्या’. मुदत उलटली आणि फोन उचलणंच बंद झालं.

त्वचारोगतज्ज्ञांनी नखाचा कीस तपासणीला पाठवला. बुरशी नव्हती. नखं अशी दुसऱ्या काही आजारांमुळेही होतात, म्हणून मग त्यांनी डोक्यात चाई पडली आहे का ते पाहिलं, तोंडात पांढऱ्या रेषा आहेत का, कोपरांवर सोरायसिसचे चट्टे आहेत का, तेही पाहिलं. काहीच नव्हतं. नखं अशी खरखरीत होण्याच्या या विकाराला ट्रॅकिओनिकिया म्हणतात. विसाही नखांना होऊ शकतो, पुष्कळदा कारण सापडत नाही, आणि तो कुणाकडून कुणाला लागत नाही. मुलांमध्ये बहुतेक वेळा काही वर्षांत आपोआप ओसरतो. तोवर नखं बारीक कापायची, मलम लावून मऊ ठेवायची. बस्स! ‘कारण माहीत नाही’ हे डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात, आणि नेमकी तीच पोकळी हे लोक बुरशीचं नाव देऊन भरतात, याची मला फार चीड येते.

कोर्समधल्या गोळ्यांत भरमसाट बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) होतं. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, म्हणून अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

पैसे अजून मिळालेले नाहीत, तक्रार केली आहे. तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने फिरते आहे. ‘आधी’च्या फोटोत अंगठ्याशेजारी तीळ आहे, ‘नंतर’च्या फोटोत नाही. दिसली तर नंबर लावू नका.