शाळेसाठी वायुदाबमापक: पाऱ्याचा, अनेरॉइड की डिजिटल?

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी वायुदाबमापक घ्यायचा झाल्यास तीन पर्याय समोर येतात. त्यांपैकी पाऱ्याच्या उपकरणाचा मान सर्वांत मोठा आहे, कारण १६४३ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ टॉरिसेलीने दाखवलेले तत्त्व, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवा सुमारे ७६० मिलिमीटर उंचीचा पारा तोलून धरते हे, त्यात उघड्या डोळ्यांना दिसते. तरीही शाळेने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नळी फुटल्यास पाऱ्याची विषारी वाफ वर्गात पसरते आणि मुलांच्या आरोग्यापुढे कोणतेही प्रात्यक्षिक मोठे नाही.

अनेरॉइड उपकरणात अंशतः निर्वात केलेली पन्हळी धातूची डबी दाबानुसार आत-बाहेर होते आणि तरफांमुळे ती सूक्ष्म हालचाल काट्यावर मोठी होऊन दिसते. त्याला वीज लागत नाही, आणि पारदर्शक तबकडीचे घेतल्यास आतली रचनाही मुलांना दाखवता येते. मात्र तबकडीवरील ‘वादळी’, ‘पाऊस’, ‘स्वच्छ’ हे शब्द युरोपातील हवामान व समुद्रसपाटीचा दाब गृहीत धरून छापलेले असतात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथील प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीपेक्षा कमी, ९५० हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचे एकक) आसपास असतो. त्यामुळे मागचा स्क्रू फिरवून काटा जुळवला नाही, तर निरभ्र दिवशीही तो ‘वादळी’कडे झुकतो. वाचनापूर्वी काचेवर हलकी टिचकी मारावी लागते, कारण सांध्यांतील घर्षणामुळे काटा अडकून राहतो.

डिजिटल उपकरणाचे खरे बळ नोंदींत आहे. आपल्या अक्षांशांत दाब रोज सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचाच असल्याने तो रात्रंदिवस टिपायचा तर आपोआप नोंद ठेवणारे यंत्रच हवे. चांगल्या संवेदकासह तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेले, तरी दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने घटलेला दिसतो. वातावरणाचे वजन मुलांना इतक्या जवळून दाखवणारा दुसरा सोपा प्रयोग मला माहीत नाही.

म्हणून एकच घेणे शक्य असेल, तर स्मृती असलेले डिजिटल उपकरण घ्यावे. खरेदीपूर्वी ते केवळ समुद्रसपाटीला जुळवलेला दाब दाखवते की त्या ठिकाणचा प्रत्यक्ष दाबही दाखवते, हे अवश्य तपासावे.