भाव जुळवून दिला, मशीन मात्र दुसरंच दिलं

2025 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 30 एप्रिलला होती. लेकीचं बाळंतपण सुरतेलाच झालं होतं, त्यामुळे चार महिन्यांच्या बाळाला घेऊन ती पहिल्यांदाच माहेरी येणार होती. आखाजीला लेक आली नाही तर खान्देशातल्या आईला खापरावरची पुरणपोळी गोड लागत नाही. पण एप्रिल सरता सरता आमच्या अमळनेरला पारा 43-44 वर टेकलेला असतो. आमची वरची खोली स्लॅबची, तोंड पश्चिमेला. रात्री बारालासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एवढ्याशा जिवाला कूलरच्या दमट वाऱ्यात कसं निजवायचं, म्हणून आम्ही एसी घ्यायचं ठरवलं. कापसाचे पैसे आले होते, त्यातले थोडे काढले आणि बाकीचं हप्त्यावर करू म्हटलं.

मुलाने मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. दीड टनाचा, पाच स्टारचा, चांगल्या नावाच्या कंपनीचा इन्व्हर्टर एसी ऑनलाइन 38,990 ला दिसत होता. पण ऑनलाइन घेतल्यावर बिघडला तर कोणाच्या दारात जायचं, हा आमचा जुना प्रश्न. म्हणून मी, हे आणि मुलगा जळगावला गेलो. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही. मला सांगायची आहे ती पद्धत.

दुकानातल्या मुलाने पहिला भाव सांगितला 43,500. माझ्या मुलाने मोबाईल पुढे केला. मला वाटलं, हा आता नाक मुरडेल. पण तो हसला. "कुठले तुम्ही? अमळनेरना? मंग तं आपलाच मान्सं!" म्हणाला आणि थंडा मागवला. मोबाईल हातात घेऊन त्याने तो आकडा सेठला दाखवला, दोघं कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत बसले. परत येऊन म्हणाला, "ताई, ऑनलाइनचा भाव जुळवून देतो. वर फिटिंग फ्री. पण आजच बुक करा, उद्या हा भाव राहणार नाही."

मग मी घासाघीस सुरू केली. आयुष्यभर बाजारात भाव करत आले आहे, भाजीपासून लुगड्यापर्यंत. पाऊण तास लागला. 38,990 चे 38,500 झाले. 490 रुपये सोडवले याचं मला समाधान वाटलं. पाच हजार रोख दिले. त्याने दुकानाच्या छापील कागदावर पेनाने लिहून दिलं: "एसी स्प्लिट, 1.5 टन, 5 स्टार, 38,500, जमा 5,000." खाली कंपनीचं नाव आणि सही.

तो कागद आजही माझ्याकडे आहे. त्यावर सगळं आहे, फक्त मॉडेल नंबर नाही. पाऊण तास आम्ही सगळे त्या एका आकड्याकडे पाहत होतो, आणि ज्या वस्तूचा तो आकडा होता तिचं पूर्ण नाव कोणीच विचारलं नाही. मोबाईलवर वस्तूच्या नावात इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ असते, तीच खरी वस्तू. टन, स्टार आणि कंपनी या तीन गोष्टी सारख्या असूनही त्या ओळीतली शेवटची दोन अक्षरं बदलली की आतलं मशीनही बदललेलं असू शकतं. पुष्कळ कंपन्या ऑनलाइनसाठी एक मॉडेल काढतात आणि दुकानांसाठी वेगळं. त्यामुळे भावाची तुलना करायला गेलं की दोन्हीकडे तीच वस्तू सापडतच नाही. दुकानदाराला हे माहीत असतं. आपल्याला नसतं.

पुढे टेबलावर फायनान्सवाला मुलगा बसला होता. दहा हप्ते, व्याज शून्य, असं तो म्हणाला. राहिलेले 33,500, म्हणजे हप्ता 3,350 चा, हे मी तोंडीच काढलं. दोन ठिकाणी अंगठा, चार ठिकाणी सह्या, मोबाईलवर आलेला ओटीपी त्याला सांगितला. 799 रुपये फाईल चार्ज वेगळे घेतले. संध्याकाळी घरी आल्यावर मेसेज आला: हप्ता 3,600. दहा हप्त्यांचे 36,000. अडीच हजार रुपये कुठून वाढले? फोन केला तर म्हणे, "ताई, तुमची एक्स्टेंडेड वॉरंटी आहे ना त्यात, तुम्हीच सही केली." मला ती कोणी सांगितली नव्हती. आणि ती वॉरंटी एसी बनवणाऱ्या कंपनीचीही नव्हती, तिसऱ्याच कुठल्या कंपनीची होती. व्याज शून्य असतं हेही खरं नाही. व्याज कुठेतरी भरलं जातंच. बहुतेक वेळा रोखीत मिळाली असती ती सूट हप्तेवाल्याला देत नाहीत आणि त्यातून व्याज भागवतात. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही.

28 तारखेला टेम्पो आला. दोन पोरं घाईत होती, आखाजीच्या आधी आणखी सहा घरं करायची होती त्यांना. स्टँड, जादा पाईप, वायर असं करत फिटिंगचे 2,800 घेतले. "फिटिंग फ्री म्हणजे मजुरी फ्री, सामान नाही." खोकंही घेऊन गेले. ते मी जाऊ दिलं. खोक्यावर मॉडेल नंबर, छापील किंमत, बनवल्याचा महिना, सगळं असतं.

लेक आली. दिवसभर एसी 24 वर ठेवला तरी खोलीत 28 च्या खाली काही उतरेना. रात्री बाळ घामेजून रडत उठायचं. सासूबाई पंख्याने वारा घालत म्हणाल्या, "आख्खी रात फिरी राहिनं, पन घर काही थंडं व्हयनं नही." तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, आई, मी खालीच झोपते. बाळाला घेऊन ती खालच्या जुन्या धाब्याच्या खोलीत गेली. मातीचं छत ते, तिथे निदान गारवा होता. ज्याच्यासाठी एवढा खर्च केला ते लेकरू त्या खोलीत चार रात्रीसुद्धा निजलं नाही. पैशापेक्षा मला हे जास्त लागलं.

आमच्या गल्लीत एक फ्रिज-एसी दुरुस्त करणारा पोरगा आहे. त्याला बोलावलं. त्याने काही उघडलं नाही, स्क्रू ड्रायव्हरही काढला नाही. आतल्या युनिटवर चिकटवलेलं स्टारचं लेबल बॅटरीच्या उजेडात वाचलं आणि म्हणाला, "काकू, हे 4,750 वॅट आहे." मग त्याने समजावून सांगितलं. एक टन म्हणजे सुमारे 3,517 वॅट थंडावा. दीड टन भरायला 5,275 च्या आसपास हवेत. हे मशीन जेमतेम 1.35 टनाचं. बाजारात दीड टन म्हणून जे विकलं जातं ते पुरतं दीड टन असतंच असं नाही. पण खरा आकडा त्या लेबलवर वॅटमध्ये छापलेला असतो. मुलाने ऑनलाइनचं पान पुन्हा उघडलं. तिथल्या मॉडेलचे 5,100 वॅट होते. नाव तेच, टन तेच, स्टार तेच, शेवटची दोन अक्षरं वेगळी. मग तो पोरगा गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटवरची पाटी वाचून आला. बनवल्याचा महिना ऑगस्ट 2023. पावणेदोन वर्षं गोदामात पडलेला माल. आम्हाला दिलेलं मॉडेल दुसऱ्या दोन दुकानांत विचारलं, तर घासाघीस न करताच 33,500 आणि 34,000 सांगितले. म्हणजे मला कुठलाच भाव जुळवून दिला नव्हता. मोठ्या मशीनच्या भावात छोटं मशीन दिलं होतं.

आम्ही दुकानात गेलो. तोच मुलगा, पण या वेळी ना थंडा ना आपलेपणा. सेठ म्हणाले, "कागदावर काय आहे? दीड टन, पाच स्टार. तेच दिलं ना? ऑनलाइनचं मॉडेल देतो असं कुठे लिहिलंय?" मला उत्तर देता आलं नाही. पक्कं बिलही तोवर दिलं नव्हतं. ते मात्र तिथेच बसून घेतलं. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, एवढं मुलाने ठामपणे सांगितल्यावर प्रिंट निघालं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. मराठीतून बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. वॉरंटीची तक्रार त्यांनी पुढे पाठवल्यावर ते अडीच हजार परत मिळाले. एसीचं तसंच राहिलं, कारण दुकानदाराने लेखी कळवलं की ठरल्याप्रमाणे माल दिला आहे. आणि काय ठरलं होतं याचा माझ्याकडे तोच अर्धवट कागद.

भाव जुळवून देणं हा आपला हक्क आहे असं मला वाटत होतं. तो हक्क नाही. कोणत्याही दुकानाला दुसऱ्याच्या भावात विकायची सक्ती नाही, ती त्याची मर्जी. कायद्याने बांधलेली आहे ती फक्त वरची मर्यादा, छापील किंमत. सर्व करांसह असलेल्या त्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. पण ती किंमतच एवढी चढी छापलेली असते की तिच्यावर मिळालेल्या चाळीस टक्के सुटीला काहीच अर्थ नसतो. ऑनलाइनचा आकडाही नीट पाहावा लागतो. कधी त्यात एखाद्या बँकेच्या कार्डाची सूट धरलेली असते, कधी जुनी वस्तू दिल्याची. ती सूट बाजूला काढल्यावर जो राहतो तो खरा भाव. घासाघीस त्याच्याशी करा, आणि मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घेतल्यावरच करा. आधी ओळ लिहा, मग आकडा. माल आला की खोकं उघडण्याआधी त्या ओळीशी ताडून पाहा, फोटो काढा, आणि अक्षर जुळत नसेल तर टेम्पो परत पाठवा. सण तोंडावर असला तरी पाठवा.

आता एसीवरचा जीएसटीही बदलला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पक्क्या बिलावर केंद्राचा नऊ आणि राज्याचा नऊ असे दोन आकडे दिसले पाहिजेत. कच्च्या बिलावर हे काहीच दिसत नाही. "बिल नको असेल तर हजार कमी" असं कोणी म्हटलं तर ते हजार पुढे फार महाग पडतात, कारण बिलाशिवाय कंपनीची वॉरंटीही सिद्ध करणं कठीण जातं.

यंदा भाचीच्या लग्नात फ्रिज द्यायचा होता. धुळ्याला गेलो. दुकानदार भाव जुळवायला तयार झाला तेव्हा मी म्हटलं, आधी मॉडेल लिहा. त्याने पेन उचललं, मोबाईलवरची ओळ पाहिली, पेन खाली ठेवलं. म्हणाला, "ताई, हे मॉडेल माझ्याकडे 1,900 ने जास्त पडेल." मी 1,900 जास्त दिले. त्याने खरं सांगितलं, म्हणून मला तो भाव पटला.

एसीची तक्रार मी आता जिल्हा ग्राहक आयोगात नेणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. लेबलचा फोटो, पाटीचा फोटो, हप्त्याचा मेसेज, पक्कं बिल आणि पेनाने लिहिलेला तो कागद, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं आहे. माझी मुदत एप्रिल 2027 पर्यंत आहे.