प्रवाळाची कलमं लावायची की आहे ते राखायचं?

फ्लोरिडात पहिला मार्ग वर्षानुवर्षं चालला. बोटभर तुकडे तोडायचे, पाण्याखालच्या नर्सरीत दोरीला टांगून वाढवायचे आणि मग खडकावर चिकटवायचे. काम डोळ्यांना दिसतं, म्हणून पैसाही मिळतो. पण जुलै 2023 मध्ये समुद्र इतका तापला, की नर्सरीतली कलमं घाईघाईने जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली. खडकावर लावलेली बरीचशी मेली. पाणी जास्त काळ तापलेलं राहिलं की प्रवाळ आपल्या आतली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतं. पोटाला घालणारी तीच, रंग देणारीही तीच. मग उरतो पांढरा सांगाडा.

दुसरा मार्ग संथ: बोटींचे नांगर, सांडपाणी, गाळ, बेसुमार मासेमारी थांबवायची. लक्षद्वीपला तापलेल्या पाण्याचे 1998, 2010 आणि 2016 असे तीन मोठे तडाखे बसले, तरी मधल्या काळात प्रवाळ पुन्हा उगवलं. त्यात पॅरटफिशचा मोठा वाटा. हा मासा मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ चोचीने खरवडतो आणि त्या मोकळ्या जागेवर प्रवाळाची पिल्लं रुजतात. हा मासा संपला तर लाखो रुपयांची कलमंही शेवाळाखाली गुदमरतील.

माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, आपल्या मालवणसाठीसुद्धा. जिथे जहाज आदळून किंवा बांधकामामुळे प्रवाळ उखडलं, तिथे कलमं जरूर लावावीत. पण दोन तडाख्यांमधलं अंतर कमी होत चाललंय, आणि ते वाढवणं या दोन्ही मार्गांच्या हातात नाही. त्यासाठी कोळसा आणि तेल जाळणंच कमी करावं लागेल.