मागाच्या शेडमध्ये एमक्यूटीटी आणि पायथनचं असिंक: सात-आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर बसवलेला सेटअप मे महिन्याचा सोलापुरी उन्हाळा काढून पावसाळ्यापर्यंत नीट चालत आलाय, म्हणून एमक्यूटीटी (उपकरणांनी एकमेकांना छोटे मेसेज पाठवायची पद्धत) आणि त्यासाठीची पायथनची एआयओएमक्यूटीटी लायब्ररी यांच्याबद्दल आता सविस्तर लिहितो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांची टॉवेलची शेड आहे. प्रत्येक मागाच्या क्रँकशाफ्टजवळ एक प्रॉक्झिमिटी सेन्सर आणि त्याला ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) जोडलाय, शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, म्हणजे कापडात एक आडवा धागा. ऑफिसात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मॉस्किटो ब्रोकर (मेसेज घेऊन ज्याला हवे त्याला पोचवणारा प्रोग्राम) आहे आणि तिथंच पायथनचा प्रोग्राम, जो सगळ्या मागांचे मेसेज घेतो, एसक्यूलाइटमध्ये टाकतो आणि एखादा माग थांबून राहिला की जॉबरच्या, म्हणजे माग सांभाळणाऱ्या माणसाच्या, मोबाइलवर टेलिग्राम पाठवतो.

एमक्यूटीटी मुळात 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटमधून लक्ष ठेवायला बनवलेलं, कमी बँडविड्थ धरूनच. शेडमधल्या रडतखडत वायफायला ते बरोबर बसतं.

पहिल्यांदा साधी पाहो लायब्ररी होती, कॉलबॅकवाली, म्हणजे मेसेज आला की तीच आपलं फंक्शन बोलावते. चालायची, पण लूप-स्टार्ट केलं की तिचा थ्रेड (प्रोग्राममधली समांतर चालणारी कामाची ओळ) वेगळा, आणि एसक्यूलाइटचं कनेक्शन मेन थ्रेडमध्ये उघडलेलं असलं की कॉलबॅकमधून हात लावला रे लावला एरर, मग लॉक लावा, क्यू लावा, आणि एवढं करून कुठल्या वेळी कोण काय करतंय ते डोक्यात ठेवा. एआयओएमक्यूटीटीवर आल्यावर हे सगळं गेलं. आतमध्ये पाहोच आहे, पण तुम्ही फक्त असिंक विथने कनेक्ट व्हायचं, शेड१/+/पिक या टॉपिकला (मेसेजचा विषय, + म्हणजे कुठलाही माग) सबस्क्राइब करायचं आणि असिंक फॉरमध्ये मेसेज एकेक घेत बसायचं. कोड वरून खाली वाचता येतो, सहा महिन्यांनी उघडला तरी कळतो. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आता जे नीट समजून घ्यायला लागतं ते. हा सगळा कारभार एकाच इव्हेंट लूपवर (सगळी कामं आळीपाळीने चालवणारं चक्र) चालतो, म्हणजे मेसेज आल्यावर तुम्ही साधी रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरून टेलिग्रामला कॉल केला आणि नेट स्लो असलं, तर तेवढा वेळ बाकी सगळ्या मागांचे मेसेज खोळंबतात, इतकंच नाही तर ब्रोकरला जाणारा "मी आहे" असं सांगणारा पिंगसुद्धा अडकतो. कीप-अलाइव्ह (इतक्या वेळात काहीतरी पाठवलंच पाहिजे ती मुदत) डिफॉल्ट 60 सेकंद आहे, त्याच्या दीडपट म्हणजे 90 सेकंद काहीच आलं नाही की ब्रोकर तुम्हाला गेलेलं समजून कनेक्शन तोडतो. म्हणून माझ्या मेसेज घेणाऱ्या लूपमध्ये फक्त एकच काम आहे, मेसेज घेऊन असिंकआयओच्या क्यूमध्ये टाकणं. डेटाबेसचा टास्क वेगळा, टेलिग्रामचा वेगळा, तो एआयओएचटीटीपी या असिंकवाल्या वेब लायब्ररीवर. रोजचा रिपोर्ट बनवायचं जड काम असिंकआयओच्या टू-थ्रेडने (to_thread) वेगळ्या थ्रेडवर टाकलंय. हे एवढं पाळलं तर रास्पबेरी पायवर लोड म्हणून काही जाणवत नाही.

लाईटचा विषय. आमच्याकडे शेडची लाईट जाते, ऑफिसला इन्व्हर्टर आहे, त्यामुळे ब्रोकर चालू आणि माग सगळे गायब अशी वेळ येतेच. त्यासाठी लास्ट विल (ब्रोकरकडे आधीच ठेवलेला शेवटचा निरोप) फार उपयोगी, माग ऑफलाइन झाल्याचं ब्रोकर स्वतः सांगतो. उलट ब्रोकरच रिस्टार्ट झाला तर एआयओएमक्यूटीटी आपणहून परत जोडत नाही, एमक्यूटीटी-एरर फेकतं आणि ते पकडून थोडं थांबून पुन्हा कनेक्ट करणं तुमच्याकडे. व्हाइल लूप, ट्राय, असिंकआयओ स्लीप, झालं. सबस्क्राइब मात्र त्या लूपच्या आतच पाहिजे. आणि परत जोडल्यावर रिटेन केलेले, म्हणजे ब्रोकरने जपून ठेवलेले जुने मेसेज पुन्हा येतात, तर रिटेन फ्लॅग बघूनच अलर्ट पाठवा, नाहीतर जॉबर रात्री दोन वाजता संध्याकाळीच चालू करून दिलेल्या मागासाठी शेडमध्ये येणार, आणि दोनदा असं झालं की तो माणूस अलर्टकडे बघायचंच सोडतो.

सगळ्यात महत्त्वाचं पगाराचं. कामगारांची मजुरी पिकवर असते, तिथं एक मेसेज हरवला तर कुणाचे तरी पैसे जातात. क्यूओएस म्हणजे मेसेज पोचायची हमी, 0 म्हणजे हमी नाही, 1 म्हणजे निदान एकदा पोचणार. क्यूओएस 1 लावलं की काळजी मिटली असं बरेच जण धरून चालतात, पण ईएसपी३२ वर जी पबसबक्लायंट लायब्ररी सर्रास वापरली जाते ती पब्लिश क्यूओएस 0 नेच करते, सबस्क्राइब कितीही वरच्या क्यूओएसने करा, मिळणार 0 च. शिवाय एआयओएमक्यूटीटीमध्ये मेसेज लायब्ररीच्या आतल्या क्यूत पडला की ब्रोकरला पोच जाते, तुमच्या कोडने तो डेटाबेसमध्ये लिहायच्या आधीच, मध्येच प्रोग्राम पडला तर तो गेला. म्हणून आम्ही "आत्ता 50 पिक झाले" असं पाठवतच नाही, मागाचा एकूण आकडा पाठवतो, मोटारीच्या किलोमीटरसारखा वाढत जाणारा, आणि ईएसपी३२ तो फ्लॅशमध्ये पण अधूनमधून साठवतो. मधला मेसेज गळाला तरी पुढच्यात हिशोब भरून येतो, क्यूओएस 1 मुळे एखादा डबल आला तरी फरक पडत नाही. पिक मोजायला मेसेज वापरणार असाल तर हे पहिल्या दिवशीच करा, ही कळकळीची विनंती आहे.

बाकी किरकोळ. क्लायंटचं आयडेंटिफायर दोन प्रोग्रामना एकच देऊ नका, ब्रोकर जुन्याला काढून नव्याला घेतो आणि दोघं एकमेकांना बाहेर काढत बसतात. एआयओएमक्यूटीटीच्या आतल्या क्यूला डिफॉल्ट मर्यादा नाही, मर्यादा घातली आणि ती भरली की नवीन मेसेज टाकून देतं, आम्ही मोठी मर्यादा ठेवून वॉर्निंग लॉगमध्ये बघतो. विंडोजवर चालवायचं तर सिलेक्टर इव्हेंट लूप पॉलिसी सेट करावी लागते, मामांच्या अकाउंटच्या पीसीवर डॅशबोर्ड टाकताना ते केलं. मॉस्किटो 2.0 पासून कॉन्फिग न देता चालवला तर फक्त त्याच मशीनवरून कनेक्शन घेतो, लिसनर (कुठल्या पोर्टवर कनेक्शन घ्यायचं ते) आणि पासवर्ड तुम्हीच लिहायचा, आणि ते बरंच आहे.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा पोच आधी जाते त्यासाठी कापला. नवीन घेणाऱ्यांनी व्हर्जन पिन करून (एकच ठरवून) ठेवा, एआयओएमक्यूटीटी 2.0 मध्ये मेसेजेस वापरायची पद्धत बदललीय आणि नेटवरची बरीच उदाहरणं अजून जुन्या, असिंकआयओ-एमक्यूटीटी नावाच्या काळातली आहेत, ती जशीच्या तशी चालणार नाहीत.